काम वरूडला, घर वावरात : जागा निवडावी कशी?

वरूड हे संत्र्याचे गाव. अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले. इथल्या बाजारावर हजारो लोकांचे पोट चालते. कोणी मंडीत हमाली करतो. कोणी संत्र्याच्या पेट्या भरतो. कोणी गवंडी, कोणी ड्रायव्हर, कोणी दुकानात कामाला, कोणी कचेरीत शिपाई. शाळेतले मास्तर आहेत, दवाखान्यातल्या नर्सबाई आहेत.

यांतले पुष्कळ जण भाड्याच्या खोलीत राहतात. खोलीला अंगण नसते. शेळी बांधायला जागा नसते. महिना भरला की भाडे द्यावे लागते, आणि दिलेले भाडे परत येत नाही. मग मनात येते, "जवळच्या खेड्यात एखादा एकर घ्यावा. तिथेच घर बांधावे. सकाळी कामाला जावे, संध्याकाळी घरी यावे. चार संत्र्याची झाडे लावावी, घरचा भाजीपाला खावा."

विचार चांगला आहे. पण या विचारापायी जन्माची कमाई एका दिवसात मोजून द्यावी लागते. दागिना मोडतो. बँकेचे कर्ज निघते. जागा चांगली निघाली तर नातवंडे नाव काढतात. वाईट निघाली तर पैसाही जातो आणि मनाची शांतीही जाते.

आपल्यात म्हण आहे : घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. मी तिला एक शेपूट जोडतो : वावर पाहावे पावसात जाऊन!

या पाठात एकच गोष्ट सांगायची आहे. जागेचा भाव मालक सांगतो. जागेची खरी किंमत मात्र वाट, पाणी आणि कागद सांगतात. म्हणून भावाआधी या तिघांना विचारा. कसे विचारायचे, ते आता पाहू.

पांढरी आणि काळी

आपल्या वाडवडिलांनी गावच्या जमिनीची दोन नावे ठेवली. घरे असतात ती पांढरी. पिके होतात ती काळी. आज पांढरीला आपण गावठाण म्हणतो.

जुने लोक काळीत राहत नसत. दिवसभर वावरात राबत आणि रात्री पांढरीत येत. फार तर जागलीला एखादा गडी माळ्यावर झोपे. याला कारणे होती. पांढरीत शेजार होता, विहीर होती, दिवाबत्ती होती. चोर आला, साप निघाला, बाळंतीण अडली, तर हाकेला माणूस होता. शिवाय खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचे घर तडकते.

म्हणून आधी हे ठरवा. घर आणि जमीन एकाच जागी हवी, की घर गावठाणात आणि जमीन जवळच्या शिवारात हवी? कामाला जाणाऱ्या माणसाला पुष्कळदा दुसरी रीत सोयीची पडते. तुम्ही दिवसभर वरूडात असता. घरी बायको, म्हातारे आईबाप आणि लेकरे असतात. त्यांना शेजार लागतो.

तरीही वावरातच घर बांधायचे असेल, तर पाया मुरमापर्यंत न्या. शेतजमिनीवर घर बांधायला कायद्याच्या अटी आहेत. त्या आधी तहसील कचेरीत विचारून घ्या. वीजही पाहा. शेतीपंपाच्या जोडणीवर घर चालवता येत नाही. घराची जोडणी वेगळी घ्यावी लागते. खांब दूर असेल तर तार आणण्याचा खर्च आधीच विचारा.

अंतर घड्याळाने मोजा

जागा विकणारा म्हणतो, "भाऊ, वरूड हाकेच्या अंतरावर हाये. पाच मिनिटांची वाट." हाक कोणाची आणि मिनिटे कोणाच्या घड्याळातली, ते तो सांगत नाही.

अंतर किलोमीटरने मोजू नका. वेळेने मोजा. आणि ज्या वेळेला तुम्ही कामावर जाणार, त्याच वेळेला मोजा. रविवारी दुपारी मोकळ्या रस्त्याने जाऊन वेळ मोजली, तर ती खरी नव्हे. सोमवारी सकाळी जा. शाळेची पोरे, दुधाच्या गाड्या, संत्र्याचे ट्रक, सारे रस्त्यावर असतील तेव्हा जा.

आता एक हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

समजा, गाव वरूडपासून १२ किलोमीटर आहे. जाणे-येणे मिळून रोज २४ किलोमीटर झाले. महिन्यात २५ दिवस काम धरा. २४ गुणिले २५ म्हणजे ६०० किलोमीटर. फटफटी एका लिटरला ५० किलोमीटर चालत असेल तर १२ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला हिशेबापुरते १०० रुपये धरले, तर महिन्याला १,२०० रुपये झाले. टायर, तेल, दुरुस्ती वेगळी.

आता वेळ मोजा. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. रोजचा एक तास. महिन्याचे २५ तास. म्हणजे महिन्यातला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र तुमची रस्त्यावर गेली.

समजा, वरूडात खोलीला महिना ३,००० रुपये भाडे आहे. पेट्रोलचे १,२०० वजा केले तर १,८०० रुपये वाचले. १२ किलोमीटर परवडले. पण गाव ३० किलोमीटरवर असेल तर? याच रीतीने पेट्रोलच ३,००० रुपयांचे होते. भाडे वाचले ते सारे पेट्रोलमध्ये गेले, आणि रोजचे दोन-अडीच तास वर गेले. मग जमीन कितीही स्वस्त असो, ती महागच पडली.

ज्याच्याजवळ फटफटी नाही, त्याने एष्टीचे वेळापत्रक पाहावे. सकाळची पहिली गाडी किती वाजता? संध्याकाळची शेवटची किती वाजता? शाळांना सुट्टी लागली की ती गाडी बंद होते का? संत्र्याच्या हंगामात माल भरायचे काम रात्री उशिरापर्यंत चालते. तेव्हा शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग घरी कसे जाणार? हे गावातल्या रोज जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला विचारा. जरूड, बेनोडा, शेंदूरजनाघाट, पुसला, राजुराबाजार ही मोठ्या वस्तीची गावे आहेत. आडवाटेच्या लहान खेड्याला जमीन स्वस्त मिळते, पण गाडी मिळेलच असे नाही. स्वस्ताईचे कारण पुष्कळदा हेच असते.

वाट कोणाची?

डांबरी रस्ता सोडला की वावरापर्यंत वाट लागते. कुठे पांदण असते, कुठे धुऱ्याधुऱ्याने जावे लागते. सर्वांत जास्त भांडणे याच वाटेवरून होतात.

उन्हाळ्यात पाहायला गेलात तर पांदण कोरडी, टणक असते. गाडी थेट वावरात जाते. तीच पांदण आषाढात पाहा. काळ्या मातीचा चिखल चाकाला गच्च बसतो. फटफटी डांबरीवर ठेवावी लागते आणि चपला हातात घ्याव्या लागतात. कामावर जाणाऱ्या माणसाला हे चार महिने रोज करायचे आहे. आजारी माणसाला न्यायचे झाले तर त्याच चिखलातून न्यायचे आहे.

म्हणून तीन प्रश्न विचारा.

पहिला : ही वाट गावच्या नकाशात आहे का? नकाशातली पांदण ही सर्वांची असते. ती कोणी नांगरून टाकली असेल, तर तहसीलदाराकडे तक्रार करता येते.

दुसरा : वाट दुसऱ्याच्या वावरातून जाते का? आज तो शेजारी विकणाऱ्याचा सोयरा आहे, म्हणून जाऊ देतो. उद्या तुम्हाला जाऊ देईल का?

तिसरा : वाट अडवली तर काय? कायद्याने सोय आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली, आपल्या वावरात जायला धुऱ्यावरून वाट मागता येते. पूर्वीपासून चालू असलेली वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली ती मोकळी करून मागता येते. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडे करायचे असतात. पण अर्ज करावा लागणे म्हणजे तारखांना जाणे आले, आणि रोजी बुडणे आले. वाट साफ असलेली जागा चार पैसे जास्त देऊन घेतली तरी ती स्वस्त पडते.

पाणी किती खोल, आणि कधीपर्यंत?

वरूडच्या संत्र्याने आपल्याला पैसा दिला, आणि त्याच संत्र्याने जमिनीतले पाणी ओढले. पूर्वी विहिरीवर मोट चालत असे. पुढे मोटार आली. मग बोअर आले. एकाचे बोअर आटले की तो आणखी खोल जातो. त्याचे खोल गेले की शेजाऱ्याचे आटते. सरकारच्या भूजल मोजणीत वरूड तालुका 'अतिशोषित' म्हणून नोंदला गेला आहे. अतिशोषित म्हणजे काय? पावसाने जमिनीत जेवढे पाणी भरते, त्याहून जास्त आपण उपसतो. घरात मिळकत थोडी आणि खर्च फार, तसेच हे.

म्हणून विहीर दिवाळीत पाहून भुलू नका. दिवाळीत सगळ्यांच्याच विहिरीला पाणी असते. विहीर पाहावी वैशाखात. विकणाऱ्याला विचारू नका, शेजारच्या वावरातल्या गड्याला विचारा : "मे महिन्यात मोटार किती तास चालते? गेल्या दुष्काळात झाडे कशी जगवली? टँकर आणला होता का?" गडी खरे सांगतो, कारण त्याला जागा विकायची नसते.

नवीन बोअर मारू, असे कोणी सांगितले तर सावध राहा. खोल बोअरवर कायद्याने बंधने येऊ शकतात. परवानगी लागते का, ते आधी विचारा. आणि परवानगी मिळाली तरी पाणी लागेलच असे नाही. कोरडे बोअर म्हणजे पैसे खड्ड्यात.

पाण्याची चवही पाहा. आपल्याच जिल्ह्यात दर्यापूरकडे, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा आहे. तिथे जमीन काळीभोर असते, पण जमिनीतले पाणी खारे. त्या बाजूला काम असेल आणि जागा घ्यायची असेल, तर आधी ओंजळभर पाणी तोंडात घालून पाहा. पिण्याचे पाणी नळाचे आहे की नाही तेही विचारा.

नदीकाठची जागा

नदीकाठची जागा डोळ्याला गोड दिसते. पाणी जवळ, सावली दाट, माती गाळाची. पण नदीला आपली जुनी वाट आठवत असते.

वरूड तालुक्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडे नागपूर जिल्ह्यात मोवाड आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला महापूर आला आणि तो मोवाड गावात शिरला. २०४ माणसे दगावली. घरे, दुकाने, गुरे वाहून गेली. पुढे त्या गावाचे पुनर्वसन करावे लागले. आपल्या भागातले वयस्क लोक तो दिवस अजून विसरलेले नाहीत.

यावरून एवढे शिकावे. घर नदी-नाल्यापासून दूर आणि उंच जागी असावे. गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, "बाबा, पुराचे पाणी कुठवर आले होते?" तो एखादे झाड दाखवील, एखाद्या देवळाची पायरी दाखवील. त्या खुणेच्या वरच घर बांधा. नाला उन्हाळ्यात कोरडा दिसला म्हणून तो मेला असे समजू नका. आणि कामाच्या रस्त्यावर फरशी पूल असेल तर तो पावसाळ्यात किती वेळा पाण्याखाली जातो, तेही विचारा. पूल बुडाला की तुम्ही अलीकडे आणि लेकरे पलीकडे.

किती जमीन पेलेल?

पैसे असले म्हणजे चार एकर घ्यावी असे वाटते. पण तुमचा दिवस वरूडात जातो. तुमच्या हाती सकाळचा एक तास, संध्याकाळचा एक तास आणि सुट्टीचा एक दिवस आहे. तेवढ्यात जेवढे होईल तेवढेच घ्या.

संत्र्याचे उदाहरण घ्या. सहा मीटर बाय सहा मीटर अंतराने लावली, तर एकरात ११० च्या जवळपास झाडे बसतात. लावल्यापासून फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर खर्चच खर्च. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडांना ताण द्यायचा आणि पाऊस वेळेवर येण्याची वाट पाहायची. आंबिया बहार घ्यायचा तर ऐन उन्हाळ्यात पाणी पुरवायचे. खोडाला डिंक्या लागला तर वेळीच पाहावे लागते. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत हा रोग जास्त होतो. संत्र्याला निचरा होणारी जमीन हवी. म्हणून एका कोपऱ्यात तीन-चार फूट खड्डा खणून पाहा. खाली मुरूम लागला तर बरे. चिकट काळी मातीच लागत गेली तर संत्र्याचा विचार सोडा. कापूस, तूर, सोयाबीन करा.

डोंगराकडच्या बाजूला रोही आणि रानडुकरे येतात. एका रात्रीत पीक लोळवतात. कुंपण केले नाही, जागल केली नाही, तर पेरलेले घरी येत नाही. दिवसभर काम करून रात्री जागल करणारा माणूस किती दिवस टिकेल?

म्हणून कामावर जाणाऱ्याला एक एकर पुष्कळ झाली. अर्धा एकरही कमी नाही. घर, अंगण, चार शेळ्या, गुरांचा गोठा, कुटाराची जागा, भाजीचे वाफे आणि बांधावर दहा-वीस झाडे एवढ्यात सहज बसतात.

मात्र फार लहान तुकडा घेऊ नका. शेतजमिनीचे बारीक तुकडे करून विकायला कायद्याची बंदी आहे. तो कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने अमरावतीसह बहुतेक जिल्ह्यांसाठी कमीत कमी माप ठरवले : जिरायत जमीन २० गुंठे आणि बागायत जमीन १० गुंठे. हे नियम मधूनमधून बदलतात. म्हणून व्यवहाराच्या वेळी तहसीलमध्ये पुन्हा विचारावे. "शंभराच्या स्टॅम्पवर पाच गुंठे लिहून देतो" असे कोणी म्हटले, तर हात जोडा आणि घरी या.

मापे ध्यानात ठेवा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा. ४० गुंठे म्हणजे १ एकर. १०० आर म्हणजे १ हेक्टर. १ हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर.

आता सातबारा वाचा

भाऊ-बहिणींनो, आजवर आपल्या लोकांनी कागदावर अंगठा उमटवला आणि वर काय लिहिले आहे ते दुसऱ्याला विचारले. आता तुम्हाला अक्षर वाचता येते. ते अक्षर कामाला लावायची हीच वेळ आहे. विकणाऱ्याने दिलेली जुनी झेरॉक्स घेऊ नका. सेतू केंद्रातून ताजा, डिजिटल सहीचा सातबारा काढा. आणि बोट ठेवून ओळीने वाचा.

सर्वांत वर गाव, तालुका, जिल्हा आणि गट क्रमांक असतो. तुम्हाला दाखवलेले वावर त्याच गटाचे आहे का? एक वावर दाखवून दुसऱ्याचा कागद देणारे लोक असतात.

मग 'भूधारणा पद्धती' पाहा. तिथे 'भोगवटादार वर्ग १' लिहिले असेल तर मालकाला साधारणपणे विकता येते. 'वर्ग २' लिहिले असेल तर थांबा. ती जमीन सरकारने अटीवर दिलेली असते. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी नसताना ती विकता येत नाही. आदिवासी बांधवाची जमीनही तशी परवानगी नसताना दुसऱ्याला घेता येत नाही, मग वर्ग कोणताही असो.

नंतर क्षेत्र पाहा. 'पोटखराबा' म्हणजे लागवडीला न येणारा भाग. एक एकर म्हणून सांगितले आणि त्यात दहा गुंठे नाला असेल, तर तुम्ही पैसे नाल्याचे देत आहात.

मग भोगवटादारांची नावे वाचा. सगळी वाचा. ज्या नावावर रेघ आहे किंवा जे कंसात आहे, त्याचा हक्क संपलेला असतो. बाकी राहिलेल्या प्रत्येकाची सही लागते. एक भाऊ विकतो म्हणून चालत नाही. बहिणींचाही हिस्सा असतो. २००५ मध्ये वारसा कायदा सुधारला, तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू कुटुंबातल्या मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. बहिणीची सही नसलेला सौदा पुढे कोर्टात उभा राहतो.

'इतर अधिकार' हा रकाना फार महत्त्वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे दिसतो. कोर्टाचा मनाईहुकूम तिथे दिसतो. बोजा असेल तर आधी तो उतरवून घ्या. 'प्रलंबित फेरफार' लिहिला असेल, तर जमिनीवर काहीतरी चालू आहे असे समजा आणि चौकशी करा.

शेवटी बारा नंबरचा भाग. त्यात कोणते पीक, किती जागेत, पाणी कशाचे, हे असते. विकणारा विहीर दाखवतो, पण कागदावर विहीर नाही, असे असेल तर ती कोणाची, हे विचारा. सामाईक विहिरीत तुमची पाळी किती दिवसांनी, तेही लिहून घ्या.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. ती पत्रिका निघाली असेल तर मागा. ई-क्लासवरचे घर मात्र विकत घेऊ नका. ई-क्लास म्हणजे सरकारी चराईची जमीन. पन्नास वर्षे राहिला तरी तो विकणाऱ्याच्या मालकीची होत नाही.

इसार ते रजिस्ट्री

आपल्या भागात शेतजमीन घेणाऱ्याला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. नावावर शेती नसेल तर सरळ रजिस्ट्री होत नाही. शेतमजुराला आणि बिनशेती माणसाला काय वाट आहे, ते इसार देण्याआधी तहसीलमध्ये विचारा. पैसे दिल्यावर विचारून उपयोग नाही.

इसार थोडाच द्या, आणि लेखी पावती घ्या. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, एकूण किंमत आणि मुदत लिहा. चांगल्या वकिलाकडून मागच्या ३० वर्षांचा शोध काढा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि धुऱ्याचे दगड स्वतः पाहा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवा. ज्याने मोजणीला मान डोलावली, तो पुढे भांडायला येत नाही.

मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विक्रीपत्राची रजिस्ट्री करा. स्टॅम्पपेपरवर नुसते लिहून घेणे म्हणजे खरेदी नव्हे. नोटरीचा शिक्का म्हणजेही खरेदी नव्हे. रजिस्ट्री झाल्यावरही काम संपत नाही. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर तुमचे नाव आले की मगच गूळ वाटा. नवरा-बायको दोघांची नावे घाला.

घरच्या बाईला विचारा

पुरुष जागा पाहायला जातात, चहा पितात, सौदा करतात. पण त्या जागी दिवसभर राहणार कोण? बाईच. गुंड भरून पाणी तीच आणणार. म्हणून तिला सोबत न्या. ती जे प्रश्न विचारील ते तुम्हाला सुचणार नाहीत. पाणी किती पावलांवर? शाळा किती दूर? लहान मुलांची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. पुढे दहावीला पोरगी कशाने जाईल? संध्याकाळी वाटेवर दिवा आहे का? शेजार कोणाचा?

दवाखानाही विचारा. वावरात राहणाऱ्याला सापाचे भय असते. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठावा. विषावरचे औषध तिथे मिळते. पण ती गाडी तुमच्या दारापर्यंत पावसाळ्यात येईल का? पाहा, पुन्हा वाटेचाच प्रश्न आला!

ध्यानात ठेवा

१. जागा तीनदा पाहा : एकदा वैशाखात पाण्यासाठी, एकदा आषाढात वाटेसाठी, एकदा रात्री शेजारासाठी.
२. अंतर कामाच्या वेळेला, घड्याळ लावून मोजा.
३. भाडे आणि पेट्रोल यांचा हिशेब कागदावर मांडा.
४. घर पुराच्या खुणेच्या वर बांधा.
५. आपल्या हाताला पेलेल तेवढीच जमीन घ्या.
६. सातबारा स्वतः वाचा. न समजलेल्या ओळीवर खूण करून विचारा.
७. रजिस्ट्री आणि फेरफार झाल्याशिवाय पूर्ण पैसे आणि पूर्ण विश्वास देऊ नका.

एखादी जागा फार आवडली आणि विकणारा घाई करू लागला, "आजच इसार द्या, उद्या दुसरा गिऱ्हाईक येतो," तर त्याला शांतपणे सांगा, "दादा, येऊ द्या त्याला." जमीन कुठे पळून जात नाही. एक गेली तर दुसरी मिळेल. गेलेली कमाई मात्र परत उभी करायला अर्धा जन्म लागतो.

विचार करा आणि लिहा

१. तुमच्या घरापासून कामाच्या जागेपर्यंत पावसाळ्यात किती वेळ लागतो? महिन्याचे किती तास होतात?
२. तुमच्या गावात मे महिन्यात कोणत्या विहिरीला पाणी असते?
३. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या वावराचा सातबारा आणा. त्यातला 'इतर अधिकार' हा रकाना मोठ्याने वाचून दाखवा.